दुपारी मी कुणाबरोबर जेवते त्याबद्दल

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

(हसू नका बाबा, पत्र म्हटलं की बोटं आपोआप हेच टाइप करतात, तुमचीच सवय.)

हे फोनवर उघडलं असेल तर अक्षर मोठं करून घ्या आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा, तिनं डोळ्यावर ताण द्यायचा नाहीये अजून, डॉक्टरांनी सांगितलंय. मधे एके ठिकाणी लिहिलंय की हे वाक्य गाळा, तेवढं गाळा.

तर रविवारी आई तू विचारलंस, दुपारी कुणाबरोबर जेवतेस, आणि मी म्हटलं एकटीच, आणि मग तू जी गप्प झालीस ती झालीसच. नंतर म्हणालीस, बरं, पाणी आलंय, ठेवते. आपल्याकडे पाणी सकाळी सहाला येतं गं. साडेनऊला नाही येत. मला काय माहीत नाही का.

तेव्हापासून मनात घोळतंय म्हणून आज सुट्टीच्या वेळात लिहायला बसलीये. दुसरंही एक सांगायचंय, पण आधी जेवणाचं.

इथे जपानात हॉटेलात आमची शिफ्ट तुटक असते, सकाळी सहा ते साडेदहा आणि मग तीनपासून रात्री नऊ. याला नाकानुके म्हणतात, म्हणजे मधलं काढून टाकलेलं. सकाळी पाहुणे नाश्ता करून निघतात, तीनला नवे यायला लागतात, मधल्या वेळात आमचं काही काम नसतं. सकाळचं आणि रात्रीचं जेवण स्टाफबरोबर होतं, भात, मिसो (म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा) घातलेलं सूप, लोणचं, एखादी भाजी, अगदी व्यवस्थित. दुपारचं तेवढं आपलं आपण. बाकीच्या मुली झोपतात, किंवा आपापल्या कामाला जातात. मी गावात जाते.

आणि ताकायामा तुम्हाला फोटोत दिसतं तसं फक्त बर्फाचं गाव नाहीये, टुरिस्टांचं गाव आहे. सानमाची म्हणून जुनी पेठ आहे, काळपट लाकडाची घरं, पुढे बारीक पट्ट्यांच्या जाळ्या, दाराशी पन्हळीसारखं वाहतं पाणी, तिथे दुपारी चालायलाही जागा नसते. मला आधी वाटायचं अशा गावात एकट्या माणसाला कोण विचारणार, सगळे चार-चार सहा-सहाच्या घोळक्यानं येतात. पण झालं उलटंच. बाराच्या सुमाराला दुकानाबाहेर फॅमिल्या रांगेत उभ्या असतात, आणि काउंटरला एकच खुर्ची मोकळी झाली की मालक रांगेवरून नजर फिरवतो, मी दिसते, आणि मला आत घेतो! चौघांना एक खुर्ची काय कामाची. दोनदा तर मला लाजच वाटली, एक आजोबा माझ्याआधीपासून उभे होते नातवंडांना घेऊन.

आत गेलं की विचारतात किती जण, मी एक बोट वर करते, आणि ते म्हणतात ओहितोरीसामा. हितोरी म्हणजे एकटं माणूस. त्याला पुढून ओ आणि मागून सामा, म्हणजे आपल्याकडे श्री आणि साहेब दोन्ही लावावं तसं. एकटेसाहेब! पहिल्यांदा अर्थ कळला तेव्हा मला सातारा आठवला, बारावीनंतर मी एकटीच डोसा खायला गेले होते तेव्हा वेटरनं तीनदा विचारलं, अजून कोण येणारे का, आणि मग फॅमिली रूममधे नेऊन पडदा ओढून दिला. डोसा मी पाच मिनिटांत गिळून पळाले होते. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.

माझी आवडती जागा म्हणजे नदीपलीकडचं एक सोबाचं दुकान. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया, आपण उपासाला कुट्टू खात नाही पण दिल्लीकडे खातात तेच. उन्हाळ्यात गार, बांबूच्या चटईवर वाढतात, बाजूला वाटीत पातळ रस्सा, त्यात बुडवून ओढायच्या. आवाज करून ओढायच्या बरं का बाबा, तुमच्या बशीतल्या चहासारखा फुर्रर्र, इथे कुणी डोळे वटारत नाही. आणि शेवटी शेवया उकडलेलं गरम पाणी एका भांड्यातून आणून देतात, ते उरलेल्या रश्श्यात ओतून प्यायचं. मला ते कटाची आमटी करताना आई पुरणाचं पाणी वाया घालवत नाही तसं वाटतं. पोट असं शांत होतं ना. तिथे काउंटरला सहाच खुर्च्या आहेत आणि बहुतेक वेळा माझ्यासारखेच एकेकटे बसलेले असतात, पोस्टातला माणूस, एक म्हातारी बाई जी दर मंगळवारी येते, कुणी कुणाशी बोलत नाही, पण निघताना ती बाई मला मान हलवते. एका मंगळवारी मी गेले नाही तर नंतर तिनं खुणेनं विचारलं, तब्येत?

सुरुवातीला इथे माझी फजिती झाली होती. इथले लोक नुसतं सोबा म्हणाले की त्यांना रामेन म्हणायचं असतं, चुका सोबा, बारीक कुरळ्या शेवयांचा सोया सॉसवाला. मला हे माहीत नव्हतं. स्टाफमधल्या एकीला मी विचारलं सोबा कुठे चांगला मिळतो, तिनं पाठवलं, समोर आला वाफाळता वाडगा आणि वर डुकराच्या मांसाचे दोन काप. आता मी आधीच सांगते, काप नको, कांद्याची पात जास्त घाला, आणि ते घालतात. (बाबा हे पुढचं वाक्य गाळा. सूपमधे कोंबडीची हाडं उकळलेली असतात आणि माशाचा अर्क इथे जवळजवळ सगळ्यात असतो, तेवढं मी आता मनावर घेत नाही, पण आईला नका सांगू.) आणि ते हिदा बीफ, ज्याच्या पाट्या आईनं फोटोत झूम करून बघितल्या होत्या आणि आत्याला दाखवल्या होत्या, ते मी खात नाही. शप्पथ. गावभर सगळे भाताच्या गोळ्यावर ठेवून तांदळाच्या पापडावर खात उभे असतात, खाऊ देत.

पैसे वाचवायचे असतात तेव्हा मियागावा नदीच्या काठी सकाळचा बाजार असतो तिथे जाते, तो बाराला उठतो म्हणून कामावरून थेट. डोक्याला रुमाल बांधलेल्या आज्या बसलेल्या असतात, लाल सलगमचं लोणचं, सफरचंदं, मिसो, घरची भाजी. लोणचं चाखायला देतात. आपल्या मंडईतल्या बायकांसारख्याच, फक्त ओरडत नाहीत. ओनिगिरी म्हणजे भाताचा लाडू घ्यायचा, लोणचं घ्यायचं आणि नदीकाठी बाकावर बसायचं, खाली पाण्यात रंगीत मासे. चालता चालता खाणं इथे बरं दिसत नाही, म्हणून दांगोसुद्धा गाडीसमोर उभं राहून संपवायचे आणि काडी तिथेच परत द्यायची. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, एका काडीला पाच, सोया सॉस लावून निखाऱ्यावर भाजलेल्या. बाकी जपानात गोड असतात, इथल्या खारट. बाबांना चालतील असं लिहिणार होते, पण नाही, तांदूळच आहे शेवटी, शुगर वाढेल.

असाच दुसरा बाजार जिन्यासमोर भरतो. जिन्या म्हणजे बाबा तुमची तहसील कचेरीच, १६९२ पासून इथे शोगुनांचा, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांचा, थेट कारभार होता, त्या काळातली कचेरी अजून उभी आहे, सारा म्हणून घेतलेल्या तांदळाची कोठारं, कारकुनांच्या खोल्या, चौकशीची खोलीसुद्धा. मी आत दोनदा जाऊन आले. कारकुनांच्या खोलीत बुटकं मेज मांडून ठेवलंय ते बघून मला तुमचा अहेरीचा फोटो आठवला, लोखंडी कपाटासमोरचा. तीन वर्षं खानावळीत जेवलात तुम्ही तिकडे. तुम्हाला आम्ही कधी विचारलं का हो, कुणाबरोबर जेवता? सुट्टीला आलात की आई म्हणायची वाळलेत, आणि संपलं.

थंडी सुरू झाली की माझं जेवण म्हणजे होबा मिसो. होबा म्हणजे एका झाडाचं वाळलेलं भलंमोठं पान, आपल्या पळसाच्या पानापेक्षा कितीतरी मोठं, ते छोट्या शेगडीवर ठेवतात, त्यावर मिसो, कांद्याची पात, मशरूम, आणि ते समोर रटरटत असताना भाताबरोबर खायचं. पानाच्या कडा करपतात त्याचा वास असा येतो की काय सांगू, चुलीवरच्या पिठल्याच्या जवळपास जातो. सोबत भात, सूप, लोणचं, याला तेइशोकु म्हणतात, म्हणजे थाळीच. शेगडी एकाच्या मापाची असते. दोघांना वाटून घेता येतच नाही.

फक्त वेळ पाळावी लागते. दुकान अकराला उघडतं आणि दोनला दारावरचा कापडी पडदा काढून आत घेतात, मग कितीही टकटक करा. आणि प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या वारी, कुणाची बुधवारी, कुणाची गुरुवारी, कधी कधी नुसतीच चिठ्ठी, आज बंद. मी वहीत लिहून ठेवलंय सगळं. त्यामुळे उपाशी राहते हा विचार काढून टाक आई. गरम पाण्यात भिजवलेला हातपुसणा देतात, चहा फुकट, परत परत ओततात. अगदीच मन आंबलं तर महिन्यातून एकदा एका नेपाळ्याच्या हॉटेलात डाळ खाते. त्याचं नान गोड असतं पण तो हिंदीत बोलतो तेवढंच बरं वाटतं.

आता ते दुसरं.

मी दिवाळीला येत नाहीये. आणि कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षांनी वाढवलंय, सही मागच्या गुरुवारी केली. विचारून करायला हवं होतं हे कळतंय, पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसतात, आणि तुमचं ते "तुला योग्य वाटेल ते कर" ऐकून मीच परत आले असते. दिवाळीच्या दिवसात इथे पानं लाल होतात, खूप मोठी गर्दी, त्याआधी ९-१० ऑक्टोबरला हाचिमानच्या देवळाची जत्रा, अकरा रथ निघतात, रजा कुणालाच मिळत नाही. माझं एकटीचं नाही. आणि आता पाहुण्यांशी जपानीतून बोलायला मलाच पुढे करतात, पगार वाढलाय, खोलीही स्वतंत्र मिळतीये, हीटर आहे, गरम पाणी चोवीस तास. पुण्याचं ते सगळं झाल्यावर मला कुणी काही न विचारणारी जागा हवी होती हे खरंच आहे, पण आता म्हणून राहत नाहीये. आता मला इथे आवडतंय. पळून राहणं वेगळं, आई, तू म्हणशील एकच आहे, पण नाहीये.

जानेवारीत येते, वीस दिवस. तिकीट काढलंय, खरंच काढलंय, दादाला पाठवलंय बघायला.

मला सगळ्यात आवडलेलं जेवण कुठलं सांगू? शनिवारची सकाळची शाळा, बाबा ऑफिसात, दादा क्लासला, आणि आपण दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर, एका ताटात. तू पोळीचे पापुद्रे सोडवून मला द्यायचीस, त्यावर तूप-साखर, आणि खालची जाड बाजू स्वतः खायचीस. मला वाटायचं तुला जाड बाजूच आवडते. किती वर्षं वाटायचं.

बरं आता ऐका. आई, तू वेळेवर जेवायचंस, गरम, बसून. बाबा बँकेतून कधी येतील याची वाट बघत ओट्याशी उभं राहून अर्धी भाकरी खाल्लीस तर मला कळेल, वहिनी सांगते मला सगळं. थेंब चार वेळा, तीन नाही. केस धुवायचे नाहीत डॉक्टर सांगेपर्यंत. बाबा, शुगर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची दोन्ही तपासायची, एक चांगली आली म्हणून दुसरी सोडायची नाही. बाथरूममधे मी मागवलेली रबरी चटई अजून प्लास्टिकमधे आहे असं कळलं, ती आज घाला. रागावून सांगत नाहीये. म्हणजे थोडं रागावूनच.

तुम्ही बारा-साडेबाराला पानं घेता तेव्हा इथे चार वाजतात, पाहुण्यांच्या बॅगा वर नेत असते मी. आणि मी जेवते तेव्हा तुमचं साडेनऊ, आईची पूजा. पूजा झाली की मिस्ड कॉल दे ना आई, उचलणार नाही मी, काउंटरवर फोनवर बोलत नाहीत, पण समोर वाडग्याजवळ फोन ठेवलेला असतो, उजळेल.

तुमची,
मनू

ता. क. पार्सलमधे कैरीचं लोणचं घालू नका, मागच्या वेळी बरणी फुटून स्वेटरला अजून वास आहे. मेतकूट घाला, आणि आईच्या हातची कारळ्याची चटणी, थोडी जास्तच, त्या मंगळवारच्या बाईंना द्यायचीये.