सेरेंगेटीचे गवत आणि आपले माळ

महोदय,

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानावर पर्यटन पुरवण्यांतून हल्ली बरेच लिहून येते. त्यात सिंह असतो, चित्ता असतो, नदी ओलांडणारे विल्डबीस्ट हे गवत चरणारे मोठे प्राणीही असतात. पण हे सारे ज्यावर पोसले जाते त्या गवताच्या वाट्याला दोन ओळीही येत नाहीत.

उद्यानाच्या आग्नेय भागातल्या मैदानावर दूरवर झाड दिसत नाही. ती झाडे कुणी तोडलेली नाहीत. शेजारच्या ज्वालामुखींची राख तिथे साचली आहे. पावसाच्या पाण्याबरोबर त्यातला चुना खाली उतरतो आणि जमिनीखाली त्याचा टणक थर होतो. झाडांची मुळे तो भेदू शकत नाहीत. आखूड गवताला मात्र वरची माती पुरते. या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते, म्हणून विल्डबीस्टच्या माद्या जानेवारीअखेरीपासून मार्चपर्यंत इथेच वितात. पाऊस संपून पाणी आटले की कळप उंच गवताच्या पश्चिम-उत्तर भागाकडे निघतात.

तिकडच्या काळ्या चिकण मातीत एक ठेंगणी बाभूळ वाढते. तिच्या काही काट्यांच्या बुडाशी पोकळ गाठी असतात. त्यांना भोके पाडून मुंग्या आत राहतात, झाडातून पाझरणारा गोड रस खातात आणि जिराफाने पाल्याला तोंड लावले की त्याला चावून हैराण करतात. वारा सुटला की त्याच भोकांतून शीळ घुमते. केनियातल्या लायकिपियात कुंपण घालून हत्ती-जिराफांना या बाभळींपासून दहा वर्षे दूर ठेवले गेले. झाडांनी गोड रस आणि गाठी कमी केल्या, राखणदार मुंग्या घटल्या, खोडकिड्याने झाडे खंगली. चरणारी जनावरे हटवली की झाडांचे भलेच होते, हा समज तिथे खोटा ठरला.

बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाची गोष्टही तशीच. १८९० च्या दशकात या रोगाने सेरेंगेटीतली गुरे आणि विल्डबीस्ट अफाट संख्येने मारले. पुढे गुरांना लस टोचल्यावर रोग हटला; १९६१ च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा-चौदा लाखांवर गेले. गवत चरले जाऊ लागले, वणव्याला पेटायला काही उरेना, आणि पूर्वी जळून जाणारी रोपे झाडे होऊ लागली.

सोलापूर, नगर, पुणे जिल्ह्यांतले माळही असेच गवताचे आहेत. कुसळी, मारवेल, पवन्या या गवतांवर काळवीट, चिंकारा जगतात आणि लांडगा, माळढोक याच माळाचे. तरीही ‘पडीक’ म्हणून दर पावसाळ्यात तिथे खड्डे घेऊन गिरिपुष्प, सुबाभूळ लावली जाते. खड्ड्यांनी गवताचे ठोंब उखडतात, सावली दाटली की उरलेलेही मरते.

लागवडीचा प्रस्ताव करण्याआधी संबंधितांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गवत फुलोऱ्यावर असताना, माळ पायी पाहावा. वर सांगितलेली गवते आढळली तर तिथे खड्डा घेऊ नये. बी झडेपर्यंत कापणी आणि चराई थांबवावी, नंतर पाळीपाळीने चराई सोडावी. एवढ्यावर माळ पुन्हा भरतो. रोपांचा खर्चही वाचतो.

– गवताळ प्रदेशाचा एक अभ्यासक, सोलापूर