खालच्या वहिनींना, संक्रांतीच्या नमस्काराबद्दल

वहिनी, सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय काकू" म्हणता आणि गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून आत निघून जाता. म्हणून हे लिहून काढलं, आणि सगळ्यांना वाचता येईल असं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आपल्या जिन्यात या जानेवारीत काय घडलं ते चार लोकांना कळावं, असं मला फार वाटतं.

६ जानेवारीला पहाटे मी न्यू जर्सीहून परतले. नातीच्या बारशाला जाऊ द्या म्हणून दोन महिने डॉक्टरांच्या मागे लागले होते. २०२१ पासून मला मल्टिपल मायलोमा आहे, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. रोज रात्री लेनालिडोमाइडची कॅप्सूल, २१ दिवस घ्यायची, ७ दिवस थांबायचं. आणि दर शनिवारी डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. ही दोन्ही औषधं एकत्र घेतली की रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. आजारानेही वाढतो आणि विमानात तासन्‌तास बसून राहिल्यानेही. डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन चालू ठेवली होती आणि अधूनमधून उठून चालायला बजावलं होतं. मी खिडकीशी बसले होते, शेजारचे दोघे झोपले होते, त्यांना उठवायचा संकोच वाटला. माझंच चुकलं.

घरी पोचले तेव्हा अंगात काही उरलं नव्हतं. २३ किलोच्या दोन बॅगा तुमच्या मुलाने वर आणल्या. माझ्या मणक्याला ते वजन झेपलं नसतं. साडेदहा तासांच्या फरकाने रात्रीचा दिवस झाला होता. रात्री दोनला टक्क जाग, दुपारी चारला डोळ्यांवर झापड. त्यात कॅप्सूल घेतली की नाही तेच आठवेना. तुम्ही कालनिर्णय खाली काढून पेन्सिलने एकवीस घरं आखलीत आणि रोज रात्री नऊला वर येऊन खूण करू लागलात. ताप १००.४च्या वर गेला तर वाट न बघता फोन करायचा, हेही तुम्ही त्याच पानावर लिहिलंत.

पण खरं ऋण वेगळंच. अमेरिकेहून कोणी आलं की आपल्याकडे अख्खी गल्ली भेटायला येते. माझी प्रतिकारशक्ती कमी. एका शिंकेची मला धास्ती. ते कोणाला सांगायचं, कसं सांगायचं? तुम्ही खालीच सगळ्यांना थांबवलंत. "काकू बऱ्या आहेत, आठवड्याने या," एवढंच. कोणी दुखावलं नाही, आणि मला कोणासमोर उठून बसावं लागलं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला काही न समजावता नुसती पडून राहिले. तुम्ही खिचडी-कढी ठेवून जात होतात. "आता कसं वाटतंय" हे एकदाही विचारलं नाहीत. तो प्रश्न किती दमवतो हे तुम्हाला कसं कळलं, वहिनी?

मग उत्तरायण. सगळं बडोदा पतंग उडवायला गच्चीवर, भोंगे, पतंग कापला की "काप्यो छे"चा ओरडा. तुमच्या घरचेही वरच. तुम्ही मात्र गुळाच्या पोळ्या आणि तिळगूळ घेऊन माझ्याकडे आलात आणि रिवाजाप्रमाणे नमस्काराला वाकलात. वाकलात आणि तशाच थांबलात. "काकू, हा पाय त्या पायासारखा नाही."

डावी पोटरी सुजली होती, हाताला गरम लागत होती, मोज्याची खूण त्याच पायावर खोल उमटली होती. मला वाटत होतं, प्रवासाचा शीण आहे. संध्याकाळी तेल चोळून घ्यायचं म्हणून मी वाटी कोमट करायलाही सांगितली होती. तुम्ही ती वाटी उचलून ओट्यावर ठेवलीत. "आधी डॉक्टरांना विचारू. तोवर पायाला हात लावायचा नाही." मांजाच्या भीतीने तुम्ही स्कूटर काढू दिली नाहीत, मुलाला पतंग सोडून गच्चीवरून खाली बोलावलंत आणि गाडी काढायला लावलीत. सणाचा दिवस असूनही तासाभरात डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, झाली. मांडीपर्यंत गेलेली गुठळी. ती सुटून फुप्फुसात गेली असती तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी ह्यांना बाजूला नेऊन सांगितलं. मला ते नंतर कळलं.

कॅप्सूल काही दिवस बंद झाली आणि रक्त पातळ करणारी इंजेक्शनं सुरू झाली, बारा-बारा तासांनी, पोटात. ह्यांचे हात थरथरतात. तुम्ही सासूबाईंना वर्षानुवर्षं इन्सुलिन दिलेलं, तुमचा हात बसलेला. तरी पहिल्या दिवशी नर्सकडून नीट शिकून घेतलंत: बेंबीपासून चार बोटं लांब, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, नंतर चोळायचं नाही. इन्सुलिनच्या सवयीने तुम्ही सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायला गेलात, तेव्हा ती म्हणाली, या भरून आलेल्या सिरिंजमधला बुडबुडा तसाच ठेवायचा. तेही तुम्ही कालनिर्णयावर टिपून ठेवलंत. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला जिन्यात तुमच्या चपलांचा आवाज यायचा. एकदाही उशीर झाला नाही, तुमच्या घरी पाहुणे होते त्या दिवशीही नाही.

आता इंजेक्शनं थांबून गोळी आली आहे. पाय उतरलाय. कॅप्सूल पुन्हा सुरू झाली, जानेवारीचं पान मी फाडलेलं नाही.

हळदीकुंकवाचं मात्र राहून गेलं. रथसप्तमीही होऊन गेली. वाणासाठी लेकीकडून मापाचे कप आणले होते, त्यातला तुमच्या नावाचा संच अजून कपाटात आहे. एखाद्या संध्याकाळी वर या, सातच्या आधी. चहा मी करते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची काकू