हातपंप बसवण्याआधी वैशाखातले पाणी मोजा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या वाडीतील सार्वजनिक विहिरीवर स्लॅब घालून हातपंप बसवण्यात आला. मार्गशीर्षापर्यंत त्याने चांगले पाणी दिले, फाल्गुनात मात्र कितीही हापसले तरी नुसती हवा येऊ लागली, आणि ‘पंप बिघडला’ म्हणून दोन वेळा वॉशर बदलून झाले.

बिघाड पंपात नव्हताच. बसवलेला पंप शोषून पाणी ओढणारा आहे, म्हणजे त्याचा दट्ट्या वर जमिनीपाशी आहे. असा पंप हवेच्या दाबावर चालतो आणि तो दाब पाणी सिद्धांताप्रमाणे सुमारे 10 मीटर, प्रत्यक्षात जेमतेम 7 मीटर, म्हणजे 22-23 फूटच चढवू शकतो. आमच्या विहिरीचे पाणी आश्विनात दहा फुटांवर असते आणि वैशाखात तीस फुटांखाली जाते, हे रहाटावर पाणी काढणाऱ्या कोणत्याही बाईने सांगितले असते. तिला कोणी विचारले नाही. इथला जांभा दगड पावसाचे पाणी भराभर पितो आणि तितक्याच घाईने सोडून देतो, त्यामुळे कोकणात ऑक्टोबरात घेतलेले माप फसवेच असते.

पाणी इतके खाली जाणाऱ्या विहिरीला दट्ट्याचे सिलिंडर पाण्यात बुडालेले असणारा पंपच हवा. सोलापुरात घडलेल्या पंपावरून पुढे युनिसेफच्या साहाय्याने विकसित झालेला ‘इंडिया मार्क टू’ याच तत्त्वावर चालतो, म्हणजे ही विद्या आपल्याच राज्यातली आहे. सिलिंडर उन्हाळी पातळीच्या खाली, पण गाळ ओढला जाणार नाही इतके तळापासून वर ठेवावे लागते. शिवाय उघड्या विहिरीत पाइपाला बोअरसारखा आधार नसल्याने तो ठिकठिकाणी क्लॅम्पने विहिरीच्या आतील भिंतीला बांधावा लागतो, नाहीतर हिसक्यांनी सांधे सुटतात. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पाइप किती टिकतो, हे किनाऱ्यावरच्यांना सांगायला नको.

दुसरा मुद्दा स्लॅबचा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, विजेचे खांब आडवे झाले आणि दापोली-मंडणगडातील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. मोटरी बंद होत्या. ज्यांच्या विहिरीवर रहाट शिल्लक होता, त्यांच्याकडे शेजारीपाजारी कळशा घेऊन येत होते. आमच्या नव्या स्लॅबला मात्र पोहरा जाईल एवढीही फट ठेवलेली नाही. उद्या पंप अडला तर पाणी दिसणारही नाही, आणि पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर टाकायची किंवा गाळ उपसायचा तर स्लॅबच फोडावा लागेल. दोन फुटांचे, कुलूप लावता येईल असे लोखंडी झाकण ठेवण्यास फारसा खर्च आला नसता.

आमच्या तालुक्यात आणखी काही विहिरींवर हातपंप बसणार असल्याचे ऐकतो. त्या कामांच्या अंदाजपत्रकात मे महिन्यातील पाण्याची पातळी आणि स्लॅबमधील झाकण या दोन गोष्टी लेखी नमूद असल्याशिवाय संबंधितांनी मंजुरी देऊ नये, ही विनंती.

आपला,
एक ग्रामस्थ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी