रॉकेट चुलीच्या संचातील अरुंद पाइपांमुळे घरात येणाऱ्या धुराबाबत तक्रार

पुणे
दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : तापत्या कट्ट्याच्या रॉकेट चुलीसोबत आलेले चार इंची पाइप बदलून मिळण्याबाबत

महोदय,

गेल्या दिवाळीच्या सुमारास आम्ही आपल्या कंपनीकडून रॉकेट चुलीचा संच घेतला. या चुलीत लाकूड उभ्या नळीच्या तळाशी जळते आणि गरम धूर मातीच्या कट्ट्यातून फिरून, तो तापवत, धुराड्यातून बाहेर जातो. त्यात भट्टीच्या विटा, सिरॅमिक लोकरीचे वेष्टन असलेली उभी नळी, तिच्यावर पालथे घालायचे लोखंडी पिंप, मातीच्या कट्ट्यातून फिरवायचे जस्ती पाइप आणि बांधकामाचा नकाशा एवढे होते. माती, वाळू, भुसा आणि गवंडी आमचे. भूगावजवळच्या आमच्या बैठ्या घरात नकाशाबरहुकूम चूल व सात फुटी कट्टा बांधून झाला आणि माती पूर्ण वाळेपर्यंत आम्ही थांबलो. तरीही आजतागायत चूल मोठी पेटवली की धूर धुराड्यातून न जाता लाकडे घालायच्या तोंडातून खोलीत येतो.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर दर वेळी ‘लाकूड ओले असेल’ असे सांगितले. आम्ही जाळतो ते भवानी पेठेतील लाकूडबाजारातून आणलेले सुक्या सागवानाचे तुकडे आहेत, आणि आर्द्रतामापकावर त्यांतील ओलावा पंधरा टक्क्यांच्या आतच दिसतो. त्यानंतर धुराडे वाढवण्याचा सल्ला मिळाला. ते आता छपराच्या आढ्यापेक्षा दोन फुटांहून अधिक उंच आहे. थंड धुराड्यात ओढ तयार होत नाही असेही सांगण्यात आले, म्हणून पेटवण्यापूर्वी धुराड्याच्या तळाशी वर्तमानपत्राचा कागद जाळून ते गरम करून घेतो. पहिली काही मिनिटे चूल उत्तम चालते. धूर सुरू होतो तो लाकडे वाढवल्यावर. दोष थंड धुराड्याचा असता तर ते तापत गेल्यावर धूर कमी व्हायला हवा होता. इथे आग वाढते तसा धूरही वाढतो, याचा अर्थ निर्माण होणाऱ्या वायूला पुढे जायला पुरेशी वाट मिळत नाही.

ही वाट नेमकी कुठे अडते, ते शोधण्यासाठी आम्ही पिंपाच्या खालच्या तोंडापासून कट्टा तोडला आणि वातानुकूलनाचे काम करणाऱ्या कारागिराकडून उसन्या आणलेल्या सहा इंची पाइपाने पिंप थेट धुराड्याला जोडले. चूल घोंघावत पेटली आणि खोलीत धुराचा लवलेशही आला नाही. म्हणजे चुलीचा गाभा (लाकडे जळतात ती विटांची भट्टी), उभी नळी, तिच्या माथ्यावर पिंपापर्यंत सोडलेले दोन इंचांचे अंतर आणि धुराडे हे सर्व ठीक आहे. (गाभ्याच्या कामाबद्दल आमची काहीच तक्रार नाही, तो खरोखर चांगला आहे.) मग तेच सहा इंची पाइप जमिनीवर मोकळे मांडून नकाशाइतकीच लांबी आणि तितकेच चार एल्बो (वळणाचे जोड) ठेवून पुन्हा चूल पेटवली, तेव्हाही धूर आला नाही. त्यामुळे लांबीचा आणि वळणांचाही प्रश्न निकालात निघाला. उरला तो फक्त पाइपांचा व्यास.

आपला गाभा सहा इंची, म्हणजे सुमारे २८ चौरस इंच छेदाचा आहे. कट्ट्यासाठी दिलेले पाइप चार इंची आहेत आणि त्यांचा छेद साडेबारा चौरस इंच, म्हणजे निम्म्याहूनही कमी, भरतो. दोन्ही जोडण्यासाठी संचात सहाला चारचा रिड्युसरही दिलेला असल्यामुळे ही पाठवणाऱ्याची नजरचूक मानता येत नाही. धूर गार होऊन आकसतो म्हणून बारीक पाइप चालतो, असे आपल्या तंत्रज्ञांचे म्हणणे आहे. गार वायू आकसतो हे खरे. परंतु पिंपातून बाहेर पडताना तो तितका गार झालेला नसतो, आणि पाइप अरुंद होताच घर्षण झपाट्याने वाढते. आपल्या माहितीपत्रकात ज्या लॅरी विनियार्स्की यांचा गौरवाने उल्लेख आहे, त्यांनीच १९८० च्या दशकात ऑरेगनमधील अप्रोवेचो संस्थेत मांडलेल्या रॉकेट चुलीच्या तत्त्वांपैकी एक, वायूच्या मार्गाचा छेद सर्वत्र सारखा ठेवावा, असे आहे. याखेरीज कट्ट्यातील राख काढण्यासाठी नकाशात एकही झाकण दाखवलेले नाही, ही वेगळीच बाब.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. परतणाऱ्या धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला रंग वा वास नसतो, आणि ही चूल ज्या खोलीत आहे त्या खोलीत आमच्या सासूबाई झोपतात. तूर्त आम्ही चूल बंद ठेवली आहे. आपल्या सूचनापत्रात या वायूबद्दल एक ओळही नाही. ‘पुण्याच्या थंडीला कट्टा हवाच कशाला’ असेही आम्हाला फोनवर ऐकवण्यात आले. रात्रीचे तापमान दहा अंशांखाली जाणाऱ्या या शहरात तो प्रश्न संच विकताना आपल्याला पडला नव्हता.

आपण सहा इंची पाइप, एल्बो व राखेची झाकणे विनामूल्य पाठवावीत आणि कट्टा फोडून पुन्हा बांधण्याची मजुरी भरून द्यावी. नकाशा दुरुस्त करून तो, कार्बन मोनॉक्साइडच्या इशाऱ्यासह, हा संच घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला कळवावा, ही मागणी आम्ही मजुरीहूनही महत्त्वाची मानतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न दिल्याने झालेल्या हानीलाही उत्पादक जबाबदार ठरतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू. उत्तर फोनवर देऊ नये, ही विनंती.

आपले विश्वासू,
(स्वाक्षरी)

सोबत : बिलाची व नकाशाची प्रत, दोन्ही चाचण्यांच्या चित्रफिती, रिड्युसरचे मोजपट्टीसह छायाचित्र.