अल्पवयीन मुलीचे नाव पोलिसांना सांगण्याची सक्ती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोळा-सतरा वर्षांची मुलगी गर्भपातासाठी आईबरोबर दवाखान्यात येते, तेव्हा डॉक्टरची दुहेरी कोंडी होते. अठरा वर्षांखालील मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना खबर देणे बंधनकारक आहे आणि ती न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. दुसरीकडे, गर्भपात कायद्याच्या कलम ५अ नुसार, कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कोणालाही स्त्रीचे नाव सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यातून स्पष्ट मार्ग दाखवला. मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केली, तर पोलिसांना द्यावयाच्या माहितीत डॉक्टरने तिचे नाव व वैयक्तिक तपशील देण्याची गरज नाही आणि पुढे खटला उभा राहिला तरी ती ओळख उघड करण्याचे बंधन त्याच्यावर नाही. खबर द्यायचीच आहे, फक्त नाव वगळून. तरीही पोलीस ठाण्यातून फोन येतात : ‘नाव-पत्ता सांगा, केसपेपरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, नाहीतर तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल.’ मुंबई उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये अशा आग्रहाबद्दल पोलिसांना फटकारले. पण तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणारा डॉक्टर फौजदारासमोर निकालाची प्रत धरून किती वेळ उभा राहणार? बहुतेक जण नाव देऊन मोकळे होतात किंवा अशी केस घेतच नाहीत, आणि नाकारलेली मुलगी भोंदूकडे किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्यांकडे वळते. रक्तस्राव थांबेना म्हणून तिला रात्री परत आणले जाते, तेव्हा नाव गुप्त ठेवण्याचा प्रश्नच उरलेला नसतो, कारण तोवर सगळ्या गल्लीला कळलेले असते.

या सवलतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. बारा वर्षांच्या मुलीला घेऊन येणारा नातेवाईकच नाव गुप्त ठेवा म्हणून घाई करत असेल आणि मुलगी मान वर करत नसेल, तर ती विनंती तिची नव्हे. अशा वेळी तिला बाजूला घेऊन विश्वासाने बोलते करावे, आणि घरातच धोका दिसला तर सगळी माहिती पोलिसांना द्यावी. तिथे गोपनीयतेची ढाल पुढे करणारा डॉक्टर गुन्हेगारालाच पाठीशी घालतो, असे माझे स्पष्ट मत आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतही न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका आणि कळवणे सक्तीचे असलेले आजार, एवढेच अपवाद रुग्णाच्या गोपनीयतेला ठेवले आहेत. तपास अधिकाऱ्याची सोय हा त्यांतला अपवाद नाही.

म्हणून गृह विभागाला विनंती आहे की, या निकालांचे मराठी परिपत्रक प्रत्येक पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत पोहोचवावे, डॉक्टरकडून हवी असलेली माहिती तोंडी वा फोनवर न मागता कलमाचा उल्लेख असलेल्या लेखी पत्रानेच मागावी आणि नाव वगळून दिलेली खबर स्वीकारून तिची पोच द्यावी. आम्हा डॉक्टरांनीही मुलीची व पालकांची विनंती त्यांच्या सहीनिशी लेखी घेऊन, केसपेपरपासून वेगळी, कुलपात ठेवावी.

आपली विश्वासू,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ, जि. सांगली