शकुंतलेची स्टेशनं पडायच्या आधी

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मी रेल्वेतला निवृत्त स्टेशन मास्तर. गेल्या फेब्रुवारीत मुलीकडे न्यूझीलंडला, डुनेडिनला गेलो होतो. तिथे जे पाहिलं ते बंद पडलेल्या आपल्या शकुंतलेच्या, म्हणजे अरुंद रुळांवरच्या (नॅरोगेज) छोट्या गाडीच्या वाटेवरच्या मूर्तिजापूर, कारंजा, दारव्ह्याच्या लोकांना सांगावंसं वाटतं.

तिथल्या ओटागो सेंट्रल लाइनवर मिडलमार्च ते क्लाइडपर्यंतची गाडी 1990 मध्ये बंद झाली. रूळ काढले, पण रेल्वेच्या जमिनीची पट्टी विकून तिचे तुकडे होऊ दिले नाहीत. सरकारच्या पर्यावरण संवर्धन खात्याने ती ताब्यात घेतली आणि 2000 साली सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठी सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता खुला केला. चढ कुठेही पन्नासात एकाच्या (पन्नास मीटरला एक मीटर) वर नाही, कारण तो इंजिनासाठीच काढलेला. म्हणून तर माझ्या वयात या वाटेवरच्या वेडरबर्न ते रॅनफर्ली या गावांदरम्यान सायकलवर आलो. वेडरबर्नची मालाची हिरवी शेड लाइन बंद झाल्यावर दुसरीकडे नेली होती, तीही लोकांनी परत आणून जागेवर उभी केली आहे.

रॅनफर्लीला 1898 मध्ये रेल्वे आली. तिथलं जुनं लाकडी स्टेशन दुरुस्त करून त्यात प्रवाशांचं माहिती केंद्र केलंय. आत लाइनचे जुने फोटो. तिथेच एक छोटी पुस्तिका मिळते. वाटेत जागोजागी पेटीत शिक्के ठेवलेले असतात, ते त्या पुस्तिकेत आपले आपण मारायचे. मी मारलेला शिक्का जरा तिरपा पडला. पण चाळीस वर्षं तिकिटांवर तारखा मारलेला हात, तो शिक्का उचलताना गहिवरून आलं. फलाटावर लोक सायकली टेकवून बसले होते. गाडी नाही, तरी स्टेशन जागं होतं.

आपली शकुंतला यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर अशी साधारण 190 किलोमीटरची. लहानपणी आजोळी जाताना ज्या स्टेशनावर आम्ही उतरायचो, तिथे गार्डच तिकीट फाडून द्यायचा. परवा गेलो तर दारं-खिडक्या गेलेल्या, तिकीटखिडकीच्या कोनाड्यात पिंपळ उगवलेला. मूळ भिंतीत शिरलंय. अजून दोन पावसाळे भिंत टिकेल असं वाटत नाही.

शकुंतलेचं ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची लाइन, झालंच पाहिजे, ही मागणी माझीही आहे. कापूस पिकवणाऱ्या या भागाला गाडी हवी. पण ती येईपर्यंत निदान एक स्टेशन तरी छप्पर घालून, पाण्याची नि संडासाची सोय करून उघडं ठेवा. नवी लाइन जुन्या जागेवरून जाणार नसेल तर ती पट्टी मोजून, खांब रोवून गावांच्या नावे राखा. शेजारच्या शेतकऱ्यांना आधी विचारा, त्यांची वहिवाट मोडू नका.

पिंपळ काढायला मी फावडं घेऊन येतो. परवानगी कोणाकडे मागायची, तेवढं कोणी तरी सांगावं.

— एक निवृत्त स्टेशन मास्तर, मूर्तिजापूर