रस्ता चालू झाला म्हणता, पण भरलेला ट्रक जाणार का? वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

भूकंपानंतर आधी माणसं वाचवायची यात वादच नाही. अ‍ॅम्ब्युलन्स, पाण्याचे टँकर, जेसीबी पुढे जाऊ देत, आम्ही बाजूला थांबतो. माझं म्हणणं त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे. कॅमेरे परत गेलेले असतात, "वाहतूक पूर्ववत" अशी बातमी आलेली असते आणि आमचा माल मात्र जागचा हललेला नसतो.

होतं काय, की पूल पडलेला नसतो, लांबून बघितला तर ठणठणीत दिसतो. पण पुलाला जोडणारा मातीचा भराव खचलेला असतो, त्यामुळे रस्ता आणि पुलाच्या मध्ये वीतभर पायरी पडते, नाहीतर पुलाचा गर्डर (आडवी तुळई) खांबावरच्या ज्या बेअरिंगवर, म्हणजे आधारावर, टेकलाय तीच सरकलेली असते. मग बोर्ड लागतो, "फक्त हलकी वाहने". कार गेली, बाईक गेली, झाला तुमच्या कागदावर रस्ता चालू. मागे भरलेला ट्रक तसाच उभा. तोच माल मग चार टेम्पोंत उतरवून भरायचा, हमाली दोनदा, भाडं चार गाड्यांचं, आणि पलीकडे ज्याला तो हवा होता त्याचं मशीन तोवर बंद पडलेलं, कारण हल्ली महिन्याभराचा स्टॉक गोडाऊनमध्ये पाडून ठेवणं परवडतंय कोणाला, बहुतेक जण दोन-चार दिवसांच्या मालावर गाडा ओढतात.

एक छोटा पार्ट अडला तर काय होतं ते जपानने २००७ मध्ये बघितलंय. नीगाताच्या भूकंपात इंजिनातली पिस्टन रिंग बनवणारा एक कारखाना बंद पडला आणि टोयोटासारख्या कंपनीला देशातलं उत्पादन काही दिवस थांबवावं लागलं. तिथे कारखान्यालाच मार बसला होता. पण रस्ता तुटून तोच पार्ट आला नाही तरी असेंब्ली लाईन तशीच थांबणार ना? आणि टोयोटा सावरली हो, छोट्या वर्कशॉपवाल्याने कामगारांचा पगार कुठून काढायचा?

पर्यायी रस्ता आहे ना, असं तुमचे अधिकारी म्हणतील. न्यूझीलंडमध्ये १४ नोव्हेंबर २०१६ च्या कायकौरा भूकंपात दरडी कोसळून किनाऱ्याचा हायवे आणि रेल्वे दोन्ही एकदमच गेले. हायवे पुन्हा उघडला १५ डिसेंबर २०१७ ला, म्हणजे तेरा महिन्यांनी, तोही सुरुवातीला फक्त दिवसा. तोवर ट्रक डोंगरातल्या आतल्या रस्त्याने, दोनेक तास जास्त घालवून. तो रस्ता एवढ्या अवजड गाड्यांसाठी बांधलेलाच नव्हता, म्हणून त्याच्यावरही काम काढावं लागलं. आणि हायवेच्या गिऱ्हाइकावर जगणाऱ्या दुकानांनी तेरा महिने काय करायचं?

बरं, गिऱ्हाईक थांबत नाही. जपानचं कोबे बंदर १९९५ च्या भूकंपाआधी कंटेनरच्या बाबतीत जगात सहाव्या नंबरवर होतं. दोनेक वर्षांत बंदर दुरुस्त झालं, पण दुसऱ्या बंदरांकडे गेलेला बराचसा धंदा परत आलाच नाही. ही भीती आमच्या मनात असते साहेब, तुटलेल्या रस्त्यापेक्षा जास्त.

लवकर होत नाही असंही नाही. लॉस एंजेलिसमध्ये जानेवारी १९९४ च्या भूकंपात सांता मोनिका फ्रीवेचे पूल पडले. कंत्राटात अट होती, मुदतीआधी संपवलंत तर दिवसाला २ लाख डॉलर बोनस, उशीर केलात तर तेवढाच दंड. ७४ दिवस आधी काम झालं, १२ एप्रिलला फ्रीवे चालू! बोनसवर तेव्हा बोंबाबोंब झाली, पण मला तो स्वस्तच वाटतो.

विम्याचं तर बोलूच नका. माझी शेड धडधाकट आहे आणि फक्त रस्ता गेलाय, तर बहुतेक साध्या पॉलिसींत धंदा बुडाल्याची भरपाई मिळत नाही, त्याला वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि ते असतं हेच कित्येकांना नुकसान झाल्यावर कळतं. निदान कर्जाचे हप्ते पुढे ढकलताना "इमारतीचं नुकसान" हा एकच निकष धरू नका.

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक पूल किती वजन पेलतो हे तुमच्या खात्याला माहीत असणारच. मुख्य पूल गेला तर भरलेला ट्रक कुठल्या रस्त्याने आणि किती टनांपर्यंत जाईल ती यादी आत्ताच, सगळं शांत असताना, जाहीर करा. भूकंपानंतर ती रोज अपडेट करा, अंदाजे तारीख टाका, चुकली तर चुकली, आम्ही त्या हिशोबाने ऑर्डर तरी घेऊ.

यादी कधी लावताय, तेवढं कळवा.

आपला,
मालाच्या गाडीची वाट बघणारा एक छोटा धंदेवाला